पडलात तर खलास

दिवाळी अंक वाचणारा माणूस एका हातात अंक आणि दुसऱ्या हातात चकली घेऊन बसतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी ज्या धंद्यात जन्म काढला, त्यात चकलीकडे नुसतं बघितलं तरी वजन वाढतं. मी जॉकी आहे. रेसचे घोडे पळवतो. हिवाळ्यात रियाधला, उन्हाळ्यात ताइफला. रियाधचा उन्हाळा घोड्यांनाही सोसत नाही आणि घोड्यांच्या मालकांनाही, म्हणून ऊन तापलं की सगळं लटांबर डोंगर चढून ताइफला येतं. ताइफ म्हणजे आमच्या माथेरानचा श्रीमंत चुलतभाऊ. तीच थंड हवा, तीच चोरटी माकडं, फक्त झाडं कमी आणि गुलाब जास्त.

आमचं माथेरान म्हटलं ते उगाच नाही. माझे अब्बा तिथं घोडेवाले होते. लाल मातीची वाट, एका बाजूला दरी, आणि घोड्यावर डोळे मिटून ‘भैया, धीरे’ म्हणणारं गिऱ्हाईक, अशा शाळेत मी शिकलो. चालायच्या आधी मी घोड्यावर बसलो असं अम्मी सांगायची. अम्मीला वाढवून सांगायची सवय होती, पण फार नाही. तिथून मी मुंबईच्या एका तबेल्यात गेलो आणि तिथून इथं आलो. मधलं सगळं गाळतो. कोणत्या साली कुठं होतो यात मलाच रस नाही, तुम्हाला कुठून असणार?

रेस म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी आवाज खाली आणतो. म्हणजे जुगार, म्हणजे घर बुडालं. इथं पैसे लावायला बंदीच आहे. लोक घोडा बघायला येतात, आणि मालक आपल्या नावासाठी जीव टाकतात. माझा जावई अल-खोबरला मोठा इंजिनीअर आहे, गुणी मुलगा, पण लग्न ठरलं तेव्हा त्याने मला विचारलं होतं, “पळतो घोडा. मग तुम्ही नेमकं काय करता?” मी त्याला म्हटलं, पायाच्या नुसत्या चवड्यांवर उकिडवा हो. पाठ जमिनीला समांतर ठेव, बूड हवेत. आता समोरून कुणी ओंजळीने तोंडावर वाळू मारतंय असं समज, आणि डावी-उजवीकडे गर्दीतून वाट शोध. बिचाऱ्याने खरंच करून बघितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला लंगडत गेला. तेव्हापासून मला फार मान देतो.

पण खरी कसोटी घोड्यावर नसते, काट्यावर असते. प्रत्येक घोड्याला अमुक इतकं वजन घेऊन पळायचं असं ठरवून दिलेलं असतं. त्यात जॉकी आला, खोगीर आलं. कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या खिशात घालतात. जास्त भरलं तर मात्र खिशातून काही काढता येत नाही. म्हणून आम्ही उपाशी. रेसच्या आदल्या दिवशी गाडीच्या काचा वर करून, एसी बंद करून, अंगात प्लास्टिकचं जाकीट घालून मी उन्हात बसायचो, घाम काढायला. रियाधला एकदा असाच शिजत बसलो होतो, तर पोलिसाने काचेवर टकटक केली. त्याला वाटलं, गरिबाचा एसी बिघडलाय. त्याने स्वतःच्या गाडीतून थंडगार ताकाची बाटली आणून माझ्या हातात दिली, आणि मी ती पूर्ण पिईपर्यंत पुण्य मिळाल्याच्या आनंदात समोर उभा राहिला. तासभराचा घाम एका बाटलीत भरून निघाला. पण काय सांगू, तसं ताक मी पुन्हा कधी प्यायलो नाही.

दुसरं संकट म्हणजे पाहुणचार. ज्यांचे घोडे मी पळवतो, ते अबू फहद म्हणजे दिलदार माणूस. त्यांच्या मजलिसीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, बसलं की मधोमध भाताचा डोंगर, त्यावर अख्खा बकरा, आणि यजमान स्वतःच्या हाताने मांस तोडून तुमच्यापुढे ठेवणार. नको म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारण्यासारखं. सुरुवातीला मी चलाखी करायचो. माझ्यापुढचे तुकडे हळूच शेजाऱ्याकडे सरकवायचो. एकदा शेजारी उठून गेला, आणि माझी चोरी तिथंच पकडली गेली. अबू फहदनी एकदा तो ढीग बघितला, एकदा मला. मला वाटलं, संपलं, उद्या इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द करून विमानात बसवतील. पुढच्या खेपेला गेलो तर माझ्यापुढे तेवढंच मोठं ताट, त्यावर तेवढाच मोठा डोंगर, पण काकडीचा! आणि वर मानाने ठेवलेलं अर्धं कलिंगड. अबू फहद स्वतःच्या हाताने काकडी मोडून माझ्यापुढे ठेवत म्हणाले, “खा, हसन. माझ्या घरी कुणी रिकाम्या ताटावर बसत नाही.” अशा माणसासाठी घोडा काय, मी डोंगरही पळवला असता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमचा ट्रेनर आयरिश आहे. शॉन त्याचं नाव. ट्रेनर म्हणजे घोड्यांचा मास्तर. कोणी किती पळायचं, काय खायचं, कोणत्या रेसला उतरायचं हे तो ठरवतो. उंच, लालबुंद, सत्तरीला टेकलेला. त्याचे आजोबा शंभर वर्षांपूर्वी तिकडे आयर्लंडमध्ये उड्यांच्या शर्यतीचे जॉकी होते. आपल्याकडे ही शर्यत दिसत नाही, म्हणून सांगतो. त्यात घोड्याने नुसतं पळायचं नाही, वाटेतली कुंपणं आणि चर उडून पार करायचे. म्हणजे पडणं आलंच. शॉन सांगतो, आजोबा पाठीवर खोगीर बांधून पावसातून गावोगाव पायी जायचे. रेस पळवायचे, पडायचे, आणि मोडका खांदा गळ्यात बांधून परत चालत घरी यायचे. घरी आजी फक्त एवढंच विचारायची, “घोडा ठीक आहे ना?” हे सांगताना शॉनचा चेहरा असा उजळतो की जणू आजोबा राजे होते. मला ती गोष्ट ऐकून दर वेळी वाटायचं, आमच्या सकीनाने एकदा तरी घोड्याबद्दल विचारावं.

सकीना म्हणजे माझी बायको. माणूस सोन्यासारखं, पण घोड्यांशी तिचं वैर. ती गावी, मी इथं. गळ्याजवळचं हाड माझं तीनदा मोडलं आणि तिन्ही वेळा मी फोनवर सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “तुमच्या न्हाणीघरात पाणी येतं की तेल?” माझी एकही रेस तिने कधी बघितली नव्हती. टीव्हीवरही नाही. मी घरी सुट्टीवर गेलो की ती मला खायला घालायची आणि घोडा हा शब्द निघाला की विषय बदलायची.

तर झालं असं. मागच्या मोसमाआधी शॉन सुट्टीवर असताना अबू फहदना कुणीतरी आयर्लंडमधल्या एका घोड्याचा व्हिडिओ पाठवला. तपकिरी रंग, कपाळावर पांढरा चट्टा, आणि सगळ्यांना मागे टाकून एकटाच वाऱ्यासारखा जिंकतोय. व्हिडिओ होता शेवटच्या सरळ तुकड्याचा. अबू फहदनी फोनवरूनच सौदा केला. घोडा विमानाने आला, शॉन सुट्टीवरून आला, त्याने घोड्याचे कागद बघितले आणि तिथंच गवताच्या गासडीवर बसून हसत सुटला. मी विचारलं, झालं काय? तर तो घोडा उड्यांच्या शर्यतीतला! शेवटच्या कुंपणाच्या पुढचा तुकडा तेवढा अबू फहदना दिसला होता. आधीच्या सगळ्या उड्या कापलेल्या.

“मग काय बिघडलं?” मी म्हटलं. “पळतो तर आहे. इथं कुंपणं नाहीत, तर नाही उडणार.”

“बस त्याच्यावर,” शॉन डोळे पुसत म्हणाला. “मग कळेल.”

बसलो. दुडक्या चालीत साधूपुरुष. चौखूर सोडला तर काय ताकद, वा! मी मनात म्हटलं, हसन, या वयात तुला लॉटरी लागली. एवढ्यात ट्रॅकवर कडेच्या खांबाची सावली आडवी पडलेली आली. घोड्याने कान टवकारले, पाय गोळा केले, आणि असा काही उडाला की मी वर आणि तो खाली, आमची भेट नंतर झाली. त्याला वाटलं कुंपण आलं. बिचाऱ्याचं काय चुकलं? जन्मभर त्याला हेच शिकवलं होतं, की जमिनीवर आडवं काही दिसलं की उडायचं. ट्रॅक्टरचा चर दिसला, उडाला. ओल्या वाळूचा पट्टा दिसला, उडाला. एकदा तर सईसाच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याच्या, हातातून पडलेल्या मफलरवरून उडाला. आमच्या सुदानी सईसाने त्याचं नाव ठेवलं जराद, म्हणजे नाकतोडा. कागदावरचं लांबलचक इंग्रजी नाव मग कुणी घेतलंच नाही.

अशा घोड्यावर एक इलाज असतो. नाकावर मेंढीच्या लोकरीची जाडजूड गुंडाळी बांधतात, म्हणजे त्याला पायाशी पडलेली सावली दिसत नाही. जरादला बांधली. उड्या बंद. पण पळणंही बंद! मान वर करून, रुसलेल्या जावयासारखा, सगळ्यांच्या मागून यायचा. गुंडाळी काढली की वारा, पण उड्या. गुंडाळी घातली की शहाणा, पण दगड. घोडं पेंड खात होतं ते इथं.

दोन रेस गुंडाळी बांधून पळवला, दोन्ही वेळा शेवटून मोजलं तर पहिला. अबू फहदना मजलिसीत लोक विचारू लागले, उडता गालिचा काय म्हणतोय? अबू फहद हसण्यावारी न्यायचे, पण मला दिसायचं. शेवटी ते शॉनला म्हणाले, “ताइफची एक रेस आणखी. नाही तर कुणी घेत असेल त्याला देऊन टाकू. मी थकलो.”

मी जरादच्या प्रेमात पडलो होतो हे इथं सांगून टाकतो. एवढा आनंदी घोडा मी पाहिलेला नाही. उडी मारून झाली की तो असा फुरफुरायचा, जणू म्हणतोय, बघितलीस? त्याला सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण त्याच्यावर बसायचं तर पडणार, आणि पन्नाशी उलटल्यावर पडणं म्हणजे पोरखेळ नाही. शॉन म्हणाला, पडायला शीक. आजोबांची पद्धत. हात पुढे करून जमीन धरायची नाही, हाड मोडतं ते त्यानेच. हनुवटी छातीला, खांदा आत, आणि चेंडूसारखं गडगडत लांब जायचं. मग रोज सकाळी काम आटोपलं की मी एका पिंपावर चढायचो आणि वाळूत पडायचो. सगळे सईस कामं टाकून बघायला उभे.

एका सकाळी मी गडगडून उठतोय तोच फोन वाजला. व्हिडिओ कॉल, सकीना. मी घाईत घेतला. केसांत वाळू, कानात वाळू.

“हे काय करताय?” तिने विचारलं.

खोटं सुचेना. “पडायला शिकतोय.”

तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, “पडायला शिकायला लागतं? तीनदा न्हाणीघरात पडलात ते शिकल्याशिवायच?”

बाहेर पडलंच सगळं. घोडा, उड्या, शेवटची रेस. ती शांतपणे ऐकत होती, आणि सकीना शांत असली की माझी पाचावर धारण बसते. शेवटी ती म्हणाली, “शबानाकडे येतेच आहे मी. मक्केला उमरा करणार, मग ताइफला येणार. तुमची ही रेस मी डोळ्यांनी बघणार. नाय पडलात, तर पुढं जोवर अंगात दम हाय तोवर पळवा घोडे, मी तोंडातून शब्द नाय काढणार. पण पडलात तर खलास. सामान बांधायचं आणि माझ्यासंगती घरी यायचं. कबूल?”

मी कबूल म्हणालो. दुसरं काय म्हणणार? शबाना म्हणजे आमची लेक, त्या इंजिनीअरची बायको, तिलाही सकीनाने तेवढ्यात कॉलवर जोडून घेतलं होतं, ती म्हणाली, “अब्बा, डील इज डील.”

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की. वय झालं, घरी जा, नातवंडं खेळवा. बरोबर आहे. पण सकाळी उजाडताना डोंगरावर थंड वारा, खाली गरम घोडा, आणि त्याचा श्वास आपल्या श्वासात मिसळलेला, हे ज्याला मिळालं त्याला खुर्चीत बसून चहा प्यायला सांगू नये. मला आणखी एक मोसम हवा होता. लहान पोराला मेळ्यात आणखी एक चक्कर हवी असते ना, तसा हवा होता.

सकीना आली. उमरा करून आली म्हणून चेहऱ्यावर नूर, आणि पिशवीत माझ्यासाठी घावन, सुकट, आंबापोळी. मी तिला म्हटलं, आदल्या दिवशी मला असलं दाखवू नकोस. तिने सगळं फ्रिजमध्ये ठेवलं आणि म्हणाली, “परवा खा. घरी जायच्या तयारीत.” मग तिला तबेल्यात नेलं. जरादने तिच्या दुपट्ट्याचा वास घेतला आणि एक टोक चघळायला सुरुवात केली. ती रागावेल असं वाटलं. तिने टोक सोडवलं, त्याच्या कपाळावरच्या चट्ट्याला एका बोटाने हात लावला, आणि विषय बदलला.

कोणता घोडा काय सामान घालून पळणार हे आदल्या दिवशी कळवावं लागतं. शॉन कागद घेऊन माझ्याकडे आला. “गुंडाळी लिहू की नको? बसणारा तू आहेस.”

विचार करा माझी गत. गुंडाळी बांधली तर पडायची भीती नाही. शर्त जिंकलो, आणखी मोसम मिळाला, सकीना गप्प. पण जराद शेवटचा येणार आणि विकला जाणार. गुंडाळी काढली तर जराद जिंकूही शकतो, पण मग मी घरी. घोडामैदान जवळ होतं आणि जरादला तर यातलं काहीच माहीत नव्हतं. तो गवत खात होता, आणि मधूनच सूर्याच्या कवडशावरून उभ्या जागी टुणकन पाय उचलत होता. मला हसू आलं. गुंडाळी बांधून शेवटून पहिला यायला आणखी एक मोसम मागत होतो मी? तो मोसम काय कामाचा?

“काढ,” मी म्हणालो.

शॉनने पेन उघडलं. “बायकोला सांगितलंस?”

“तुझ्या आजोबांनी सांगितलं असतं?”

तो खो खो हसला आणि त्याने कागदावर सही केली.

रेस असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतरची. ऊन कललेलं, म्हणजे खांबांच्या सावल्या चांगल्या लांबलचक, ट्रॅकभर आडव्या. मैदानावर कुटुंबं, पोरं, चहाचे थर्मास. आता इथं बायकाही रेस बघायला येतात. पूर्वी सकीना आली असती तरी आत येऊ शकली नसती. कठड्यापाशी शबाना हात हलवत होती. सकीना हात हलवत नव्हती. तिचा निळा दुपट्टा मला लांबून दिसत होता, आणि तिच्या हातात जपाची तसबी होती.

माझं डोकं चालत होतं ते असं. सावली दिसू द्यायची नाही, तर जरादला गर्दीत लपवायचा. पुढे घोडे, बाजूला घोडे, खाली नुसते पाय आणि उडती वाळू. सावली दिसणार कुणाला? दार उघडलं, सगळे सुटले, आणि मी त्याला सरळ घोळक्यात घुसवला. तोंडावर वाळूचा मारा. चष्मे धुळीने भरले. पण जराद मान खाली घालून असा पळत होता की माझ्या हातात लगाम थरथरत होता. वळण आलं, तोवर एकही उडी नाही. मी मनातल्या मनात म्हणतोय, शाब्बास बेटा, असाच.

पण गर्दीत राहून जिंकता येत नाही. जिंकायचं तर कधीतरी बाहेर पडावंच लागतं. सरळ तुकडा आला, समोर फट दिसली, आणि मी त्याला मोकळा सोडला. पुढे एकच घोडा उरला, पांढरा, आणि आमच्यापुढे सगळा ट्रॅक उघडा. आली पहिली सावली. जरादचे कान उभे. मी अयाळीची मूठ धरली, गुडघे आवळले. उडाला! लोक ओरडले. मी घट्ट. माथेरानच्या घोडेवाल्याची मांड आहे ती, अशी सुटत नाही. उतरताना तो आणखी वेगात निघाला. उडीने त्याच्या अंगात जोर आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, याला उडी अडवत नाही, याला उडीच पळवते! मी मोठ्याने हसायला लागलो. रेस पळवताना हसणारा जॉकी तुम्ही बघितला नसेल; तोंडात वाळू जाते.

दुसरी सावली, दुसरी उडी. पांढऱ्याच्या बगलेत आलो. आणि समोर शेवटची रेघ, तिच्यावर विनिंग पोस्टची जाडजूड काळीभोर सावली, नेमकी आडवी. जरादला ती मला दिसायच्या आधी दिसली. त्याने पाय गोळा केले आणि अशी झेप घेतली की पांढऱ्याचा जॉकी मान वर करून आमच्याकडे बघत राहिला. निकालाचा जो फोटो निघतो तो आता अबू फहदच्या मजलिसीत भिंतीवर आहे. जरादचे चारही पाय हवेत, नाक रेघेच्या पलीकडे, आणि माझं तोंड आ वासलेलं.

फोटोत जे नाही ते पुढे झालं. जराद जमिनीवर उतरला. मी उतरलो नाही. मी आणखी थोडा वेळ हवेतच होतो. मग हनुवटी छातीला, खांदा आत, आणि वाळूत असा गडगडत गेलो की शॉनच्या आजोबांनी कबरीत टाळ्या वाजवल्या असतील. उठलो. हात हलतात, पाय हलतात, गळ्याचं हाड जागेवर. जराद मात्र रिकामं खोगीर घेऊन मोकळ्या मैदानात सावल्यांवरून उड्या मारत फिरतोय, लोकांनी डोक्यावर घेतलेला.

रेस जिंकली तरी निकाल पक्का व्हायला जॉकीने खोगीर घेऊन पुन्हा काट्यावर बसावं लागतं. आणि माझं खोगीर तर घोड्यासकट पळालेलं. सुदानी सईस मागे, शॉन मागे, अबू फहद पांढरा पायघोळ थोब दोन्ही हातांनी वर धरून मागे, “यल्ला, जराद! यल्ला, हबीबी!” शेवटी जराद स्वतःच माझ्याजवळ येऊन थांबला आणि फुरफुरला. मी खोगीर काढलं, काट्यावर बसलो, वजन जुळलं. अबू फहदनी माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि त्यांच्या ओठांना वाळू लागली. ती थुंकत थुंकत ते म्हणाले, “हा घोडा माझ्या तबेल्यातच म्हातारा होणार.”

सगळीकडे जल्लोष. जराद राहिला. मी चाललो. सगळ्या मैदानासमोर पडलो होतो, त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. न्हाणीघर तिथं कुठेच नव्हतं.

कठड्यापाशी गेलो. सकीना उभी. तसबी मुठीत आवळलेली. तिने आधी माझ्या गळ्याजवळचं हाड दाबून बघितलं, एका बाजूचं, मग दुसऱ्या बाजूचं, पीठ भिजलं की नाही बघतात तसं. मी काही बोलायच्या आत तिने माझ्या पाठीवरची वाळू झटकायला सुरुवात केली. खांद्यावरची झटकली, केसांतली झटकली, कानातली दुपट्ट्याच्या टोकाने काढली. ढीग पडला खाली.

“सामान बांधतो,” मी म्हणालो.

“कशापायी?”

“पडलो ना.”

“पडलात?” ती म्हणाली. “मला काय ठाऊक? मी तर डोळे मिटून घेतले होते. दुआ मागत होते. मी काय बघितलंच नाय.”

शबाना तोंडावर हात ठेवून दुसरीकडे बघत होती. मी मान खाली घातली आणि आम्ही तिघं फाटकाकडे चालू लागलो. चार पावलं गेलो असू, तेव्हा सकीना माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, “पण शबानाचे अब्बा, त्या शेवटच्या खांबापाशी काय उडाला वो तो!”